साडेसहा सेंटिमीटर

दिवसातून चार वेळा, पाव पाव मिलिमीटर,
पासष्ट दिवस.
मांड्यांभोवतीच्या सांगाड्याचे नट फिरवत
साडेसहा सेंटिमीटर कमावले मी,
मुदत ठेवीवर व्याज चढावं तसे.

हाड वाढलं.
बाकीच्यांना कुणी कळवलंच नव्हतं.
मांडीतले स्नायू, खुब्यातले दोर
अजून जुन्याच मापाचे, जुन्याच करारावर,
त्यांनी मला पुढून ओढून धरलंय:
कंबर पुढे सांडलेली, पाठीला खड्डा,
ढुंगण मागे, गुडघे अर्धवट.
"बदक," म्हणते विनीता डिमेलो, फिजिओ,
तोंडावर, हसत,
"लग्नाला निघालेलं बदक."

चौकटीवर पेन्सिलीची खूण आहे,
ऑपरेशनच्या आदल्या रात्री केलेली.
काल वॉकर सोडून तिथे टेकलो.
आईने पट्टी डोक्यावर आडवी धरली.
नवी खूण जुनीच्या वर
करंगळीच्या नखाएवढी.
मग बाकीचे कुठे गेले?
पाठीच्या बाकात, डिमेलो म्हणते,
बुडाले नाहीत, अडकलेत.

कन्नमवार नगर, दुसरा मजला, लिफ्ट नाही.
चार महिने खाली उतरलो नाही.
आईने स्वतःचे दोन जुने गाऊन
कडेने उसवून टिचबटणं लावून दिलीत.
निळ्या फुलांच्या गाऊनात
मी आरशासमोर मिशी कापतो.
पाचपाखाडीचे मामा येऊन गेले.
"कशासाठी रे? सांग ना, कशासाठी?"
म्हटलं, शर्टाच्या बाह्या लांब पडायच्या.
मामांनी चहा बशीत ओतला
आणि पुन्हा विचारलं नाही.

बाबांनी एकदाही विचारलं नाही.
बाबा गवंडी.
पवईपासून भांडुपपर्यंत त्यांच्या भिंती उभ्या आहेत,
आत कोण राहतं त्यांना ठाऊक नाही.
माळ्यावरच्या गोणीतून त्यांनी ओळंबा काढला,
पितळी, बुडाशी चेपलेला,
माळ्याच्याच फळीला बांधून खाली सोडला.
"कान, खांदा, खुबा, घोटा," म्हणाले,
डिमेलोचे शब्द पाठ करून आलेले,
"एका दोरीत."

तेव्हापासून रोज संध्याकाळी
मी दोरीच्या कडेला उभा.
बाबा एक डोळा मिटतात,
मान तिरकी करतात,
आणि भिंतीला म्हणायचे तेच म्हणतात:
"पोट आलंय."
भिंत असती तर पाडून नव्याने रचली असती.
माझं काय करायचं
हे त्यांच्या हातांना माहीत नाही.
ते पाठीमागे बांधलेले असतात, हात,
नखांत अजून सिमेंट.

दुपारी तासभर पालथं पडायचं,
दोर सैल व्हावेत म्हणून.
सांगाड्याखाली चार उशा,
तोंड दिवाणाच्या कडेबाहेर, खाली लादी,
बाबांनीच बसवलेली, माझ्या जन्माआधी.
परवा कॅल्शियमची गोळी हातातून सुटली.
थोडी थांबली, मग विचार करून निघाली,
हळूहळू, कपाटाखालून,
थेट मोरीत.
"बाबा, लादी सरळ नाही बसलेली."
"बसवलीच नाही," ते पेपरामागून,
"पाणी कुठून जाणार?"

आज टाच टेकली.
डावी. पूर्ण नाही,
पण तिच्याखाली सरकवलेलं पोस्टकार्ड
ओढल्यावर निघेना.
आईने ते तसंच राहू दिलं.

मग संध्याकाळ, दोरी, मी.
खांदा दोरीच्या जवळ येतो, लांब जातो,
जवळ येतो, लांब जातो.
मी श्वास धरला. मांड्या थरथरल्या.
"हलतोय मी," म्हटलं, "होत नाही."
बाबांनी दुसराही डोळा उघडला.
बराच वेळ बघत राहिले.
मग आईला हाक मारून म्हणाले,
"अगं, पंखा बंद कर आधी.
ओळंबा हलतोय,
पोरगा उभा आहे."